शास्त्र सांगण्याची विद्या

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा कलह राजापुढें येतो. दोघांत श्रेष्ठ कोण, हें ठरवावयाचें असतें. तेव्हां परिव्राजिका असा निवाडा सांगते कीं, कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायीं उत्तम वसत असते, तर कोणाजवळ ती दुसऱ्याच्या ठायीं उतरविण्याची हातोटी असते. ज्याच्याजवळ हीं दोन्हीं असतील, त्यालाच शिक्षकांच्या अग्रभागीं बसवावें. या निवाड्याला शतकानुशतकें लोटलीं. परंतु आमच्या विद्यापीठांनीं त्याचा पूर्वार्धच तेवढा ध्यानांत ठेविला असें दिसतें. ज्ञान आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आम्ही परीक्षा घेतों, प्रबंध लिहवून घेतों, परगांवचे परीक्षक बोलावतों. तें ज्ञान दुसऱ्यास सांगतां येतें कीं नाहीं, हें मात्र ज्याच्या त्याच्या दैवावर सोडून देतों.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं एखादा मुलगा किंवा मुलगी संशोधनाच्या मार्गाला लागलेली असते. दिवाळीच्या सुटींत ती घरीं येते. फराळाचें ताट पुढें ठेवून आत्याबाई कौतुकानें विचारतात, “काय ग, तूं तिकडे नेमकें करतेस तरी काय?” मुलगी क्षणभर घुटमळते आणि म्हणते, “तें तुला नाहीं कळायचें, आत्या.” या उत्तरांत उद्धटपणा नसतो, हें आम्ही अनुभवानें सांगतों. त्या बिचारीला खरोखरच सांगतां येत नसतें. चार-पांच वर्षें तिनें जें वाचिलें, जें ऐकिलें, तें सारें आपल्यासारख्याच पांचपन्नास माणसांच्या भाषेंतलें. त्या भाषेबाहेर पाऊल टाकण्याचा प्रसंगच तिच्यावर कोणीं आणिलेला नसतो. आणि आत्याबाई तरी काय करतात? ‘आपली पोर फार हुशार झाली’ असें म्हणून करंजी पुढें करतात आणि प्रश्न मिटवितात. वरवर पाहतां यांत कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु ज्या समाजाच्या पैशानें ही प्रयोगशाळा चालते, त्या समाजाची आणि शास्त्राची येथें एक गांठ सुटते. आणि अशा गांठी घरोघरीं सुटत गेल्या म्हणजे एके दिवशीं लोक शास्त्रज्ञाचें ऐकेनासे होतात, याचें मग आपण नवल करीत बसतों.

सोपें करून सांगणें हें हलक्या विद्वानाचें काम, असा एक समज आमच्या विद्वन्मंडळांत दृढ आहे. जो फार बोलतो त्याच्याजवळ सांगण्यासारखें थोडें असतें, असें पुष्कळांस वाटतें. या समजाला आमचें उत्तर मायकेल फॅरडे हें आहे. विद्युत् आणि चुंबकत्व यांचें नातें उलगडून ज्यानें १८३१ सालीं आजच्या सर्व वीजनिर्मितीचा पाया घातला, त्या पुरुषाला हलका विद्वान म्हणण्याची छाती कोणास होईल असें वाटत नाहीं. हा लोहाराचा मुलगा, लंडनमधील एका पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारी करीत होता. १८१२ सालीं त्यानें हम्फ्री डेव्हीचीं व्याख्यानें ऐकिलीं, त्यांचीं टिपणें स्वतःच्या हातानें बांधून डेव्हीकडे पाठविलीं, आणि १८१३ च्या मार्च महिन्यांत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली.

येथवरची कथा शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. नोकरी लागल्यावर थोड्याच महिन्यांत या एकवीस वर्षांच्या पोरानें आपल्या ॲबट नांवाच्या मित्राला जीं पत्रें लिहिलीं, त्यांतील विषय रसायनाचा नसून व्याख्यान कसें द्यावें हा होता. सभागृहांत हवा खेळती असावी, श्रोत्यांना वक्त्याचें मेज नीट दिसावें, प्रयोग बोलण्याला जोडून यावेत, आणि एका तासाहून अधिक वेळ कोणासही बसवून ठेवूं नये, अशा प्रकारचे विचार त्यानें त्यांत मांडले आहेत. स्वतः व्याख्यान देण्याची पाळी त्याच्यावर तोंवर आलेलीच नव्हती! दुसऱ्यांचीं व्याख्यानें ऐकतांना तो जसें रसायन शिकला, तसेंच बोलावें कसें हेंही शिकत होता. पुढें त्यानें वक्तृत्वशिक्षकाकडे जाऊन धडे घेतले. आपले दोष टिपण्यासाठीं मित्राला श्रोत्यांत बसविलें. बोलण्याचा वेग वाढूं नये म्हणून ‘सावकाश’ असा शब्द लिहिलेलें पत्रक तो समोर ठेवीत असे. तात्पर्य, ही देणगी नव्हती. हा अभ्यास होता. ‘मला बोलतां येत नाहीं’ असें म्हणून जे तरुण हात झाडून मोकळे होतात, त्यांनीं हें पत्रक आपल्या मेजावर लावून ठेवावें.

याच संस्थेंत १८२५ सालापासून नाताळच्या सुटींत मुलांसाठीं व्याख्यानें सुरू झालीं. दुसऱ्या महायुद्धांतील कांहीं वर्षें वगळल्यास तीं अजून चालू आहेत. त्यांतील एकोणीस मालिका एकट्या फॅरडेनें दिल्या. मेणबत्तीवरची त्याची सहा व्याख्यानें तर जगप्रसिद्ध झालीं. त्यानें विषय कोठून धरला तें पहा. प्रत्येक मुलानें पाहिलेली वस्तु हातीं घ्यावयाची आणि तिच्याविषयीं कोणीं न विचारलेला प्रश्न विचारावयाचा. मेण घट्ट असतें, तें ज्योतीपर्यंत चढतें कसें? तर पाण्याच्या भांड्यांत टोंक बुडालेला पंचा जसा आपोआप वरपर्यंत भिजत जातो, तसें वितळलेलें मेण वातींतून चढतें. जळतें काय? तर मेण नव्हे, मेणाची वाफ. ज्योतीच्या मध्यभागीं कांचेची नळी धरून ती वाफ बाहेर काढावी आणि नळीच्या दुसऱ्या टोंकाला पेटवून दाखवावी. असें पायरी-पायरीनें नेत शेवटच्या व्याख्यानांत तो मुलांना सांगतो कीं, मेणबत्ती जळते आणि आपण श्वास घेतों, या दोन क्रियांत रसायनदृष्ट्या जवळचें नातें आहे. मेणबत्तीपासून निघालेलें पोर आपल्याच छातीपाशीं येऊन थांबतें. या साऱ्यांत त्यानें असत्य असें कांहीं सांगितलें नाहीं, आणि ज्याशिवाय चालेल असेंही कांहीं सांगितलें नाहीं.

परंतु फॅरडेच्या श्रोत्यांपुढें करमणूक आणि ज्ञान यांपलीकडे कांहीं पणाला लागलेलें नव्हतें. जेथें ऐकणाराचें आरोग्यच पणाला लागलेलें असतें, तेथें ही विद्या शोभेची राहत नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीनें यवतमाळ जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या पाण्यांतील फ्लुओराइडचा अभ्यास केला. पिण्याच्या पाण्यांत लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लुओराइड असावें आणि दुसरें पाणीच नसेल तर फार तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावें, असा भारतीय मानकाचा नियम आहे. त्याहून अधिक फ्लुओराइडचें पाणी लहानपणीं वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास दांतांवर डाग पडतात; प्रमाण फारच अधिक असेल तर पुढें हाडें व सांधे आखडून माणूस वांकतो. दोन वर्षें या मुलीनें बाटल्या भरून पाणी आणिलें, मोजिलें, कोष्टकें केलीं. काम चोख होतें. तें संपल्यावर ज्या गांवांतून पाणी नेलें त्या गांवाला निष्कर्ष सांगावयास ती गेली, तेव्हां आम्हीही बरोबर गेलों.

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर माणसें जमलीं. मुलीनें पडद्यावर आलेख दाखविले. ‘मिलिग्रॅम प्रतिलिटर’, ‘नमुना’, ‘सरासरी’, ‘मानक विचलन’ हे शब्द आले. लोक शांतपणें ऐकत होते; शेवटीं टाळ्याही झाल्या. पुढाऱ्याच्या भाषणाला वाजतात तशाच त्या वाजल्या. मग पाठीमागें बसलेली एक म्हातारी उठून म्हणाली, “बाई, बोल्ल्या तं चांगल्या, पन लेकराले कोनत्या हापशीचं पानी पाजावं, थे काई समजलं नाई.” सभेंत हंशा झाला, पण आम्हांस हंसू आलें नाहीं. दोनशें पानांच्या प्रबंधाचें सार त्या एका प्रश्नांत होतें, आणि त्याचें उत्तर पडद्यावर कोठेंच नव्हतें. तेवढ्यांत दुसरीनें विचारलें, “उकळून पेलं तं चालन ना?”

हा प्रश्न फार विचार करण्यासारखा आहे. पाणी उकळून प्यावें, हें आरोग्यखात्यानें खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षें सांगितलें, आणि तें योग्यच सांगितलें. कारण उकळल्यानें रोगजंतु मरतात. परंतु फ्लुओराइड हा जंतु नव्हे, क्षार आहे. तो उकळल्यानें जात नाहीं. उलट पाणी वाफ होऊन उडून जातें आणि क्षार तेवढाच मागें राहतो, म्हणून त्याचें प्रमाण वाढतें. मुलगी हें सांगूं लागली. ‘संहति’ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. तों ती पहिली म्हातारीच म्हणाली, “म्हंजे भाजी आटली का खारट होते, तसंच न?” मुलगी थबकली आणि म्हणाली, “अगदीं तसेंच, आजी.” त्या दुपारीं गांवाला जर कांहीं कळलें असेल तर तें एवढेंच, आणि तें शास्त्रज्ञानें सांगितलेलें नव्हतें, श्रोत्यानें शोधून शास्त्रज्ञाच्या हातीं ठेविलेलें होतें.

महिन्याभरानें ती मुलगी एकटीच पुन्हा त्या गांवीं गेली. या खेपेस पडदा नव्हता. ओसरीच्या फरशीवर तिनें खडूनें गांवाचा नकाशा काढिला. कोणती हापशी कोठें, हें बायकांकडूनच विचारून त्या त्या जागीं खडे मांडले. ज्यांत फ्लुओराइड अधिक त्यांवर कुंकवाचें बोट लाविलें. मग तिनें दोनच गोष्टी सांगितल्या: लाल खड्याचें पाणी धुण्याला, आंघोळीला खुशाल वापरा, पण पिण्याला व स्वयंपाकाला नको, आणि तें उकळून कांहीं उपयोग नाहीं, जुन्या उघड्या विहिरीच्या पाण्यांत हा क्षार कमी आहे, पण जंतु असूं शकतात, म्हणून तें मात्र उकळूनच प्या. विंधनविहीर स्वच्छ आणि उघडी विहीर घाण, असें त्या गांवानें आजवर ऐकिलें होतें. तें जंतूंच्या बाबतींत खरें होतें आणि क्षाराच्या बाबतींत खोटें. दोन शास्त्रीय सत्यें एकमेकांच्या उलट बोलूं लागलीं म्हणजे सामान्य माणूस दोन्ही टाकून देतो. त्यांतील भेद जो समजावून देईल तोच खरा शास्त्रज्ञ, असें आम्ही त्या दिवसापासून म्हणतों. त्या मुलीच्या प्रबंधांत ‘उकळून चालेल का?’ या प्रश्नाचा उल्लेखही नाहीं, कारण तो प्रश्न प्रयोगशाळेंत कोणासही पडत नाहीं. तो चुलीपाशीं पडतो. बोलावयास जाण्यापूर्वीं तरुण संशोधकानें एकच चौकशी करावी: ऐकणारा माणूस माझें ऐकून घरीं गेल्यावर काय करणार आहे? त्या करण्याला जें लागेल तें आधीं सांगावें. बाकीचें वेळ उरल्यास.

दुसरी अडचण शब्दांची. शास्त्राचे जे शब्द अगदींच परके, ते फारसें नुकसान करीत नाहींत. न समजल्याचें निदान कळतें तरी. घात करतात ते घरचेच दिसणारे शब्द. बल, शक्ति आणि ऊर्जा हे तीन शब्द पाठ्यपुस्तकांत तीन निरनिराळ्या राशींचीं नांवें आहेत. ओसरीवर ते एकाच ताकदीचीं तीन नांवें असतात. डोक्यावर पोतें घेऊन तासभर उभा राहिलेला हमाल पदार्थविज्ञानाच्या हिशेबानें पोत्यावर कांहींच ‘कार्य’ करीत नाहीं, हें त्या हमालाला सांगून पाहावें म्हणजे शब्दाचा प्रताप कळतो. ‘प्रकाशवर्ष’ म्हटलें कीं लोकांस काळ वाटतो. तें अंतर आहे, आणि तें सुमारें साडेनऊ लक्ष कोटी किलोमीटर भरतें. मापनांतील ‘त्रुटि’ म्हणजे शास्त्रज्ञाची चूक असें वाचणारा समजतो. वस्तुतः आपलें माप खऱ्यापासून किती दूर असूं शकेल, याची ती प्रामाणिक कबुली असते. आणि ‘थिअरी’ हा शब्द तर बाजारांत केवळ तर्क या अर्थानें चालतो. म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगतों कीं, कठीण शब्दाला भिऊं नका, तो एकदां समजावून सांगा आणि वापरा. सोप्या शब्दाला मात्र भ्या.

शब्दांहूनही आकडे फसवे. १९९५ सालच्या ऑक्टोबरांत ब्रिटनमधील औषधांच्या सुरक्षिततेविषयींच्या सरकारी समितीनें असा इशारा दिला कीं, संततिनियमनाच्या कांहीं नव्या गोळ्यांनीं शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ हा शब्द वर्तमानपत्रांनीं उचलला. पुष्कळ स्त्रियांनीं घाबरून गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षीं इंग्लंड व वेल्समध्यें सुमारें तेरा हजार गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. आतां ‘दुप्पट’ म्हणजे किती? जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार स्त्रियांत एकीला गुठळी होत असे, तेथें नव्या गोळ्यांनीं दोघींना होईल, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यांतून गर्भारपणांत गुठळीचा धोका त्या गोळ्यांहून अधिक! इशाऱ्यांत असत्य एक अक्षर नव्हतें. ‘कशाच्या दुप्पट’ हें मात्र लोकांपर्यंत पोंचलें नाहीं, आणि तेवढ्या उणिवेची किंमत हजारों स्त्रियांनीं भरली. प्रमाण सांगणारानें मूळ संख्या सांगितलीच पाहिजे, हा नियम आमच्या मतें प्रयोगशाळेंत डोळ्यांवर चष्मा लावण्याच्या नियमाइतकाच कडक असावा.

भिववून अनर्थ होतो तसा धीर देऊनही होतो. इटलींतील लाक्विला शहराला २००९ सालच्या आरंभीं महिनोन् महिने भूकंपाचे लहान धक्के बसत होते. ३१ मार्च रोजीं तज्ज्ञांची बैठक झाली. मोठा भूकंप होईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं, एवढेंच शास्त्र म्हणूं शकत होतें. परंतु त्या बैठकीच्या सुमारास एका सरकारी अधिकाऱ्यानें लोकांना सांगितलें तें असें कीं, लहान धक्क्यांनीं जमिनींतील ऊर्जा मोकळी होत आहे, तेव्हां काळजीचें कारण नाहीं. ६ एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास भूकंप झाला आणि तीनशेंहून अधिक माणसें मेलीं. धक्का बसला कीं रात्र घराबाहेर काढावयाची, अशी त्या भागांत जुनी रीत होती. सरकारी आश्वासनावर विसंबून आपलीं माणसें त्या रात्रीं घरांतच राहिलीं, अशी पुष्कळ कुटुंबांची तक्रार होती. सहा शास्त्रज्ञ व तो अधिकारी यांना २०१२ सालीं शिक्षा झाली. २०१४ सालीं वरच्या न्यायालयानें शास्त्रज्ञांना निर्दोष सोडिलें आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी करून कायम ठेविली. न्यायाचा निकाल न्यायालयानें दिला. आम्हांस त्यांतून एक बोध घ्यावयाचा आहे. ‘सांगतां येत नाहीं’ आणि ‘धोका नाहीं’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. शास्त्रज्ञ पहिलें वाक्य स्वतःच्या तोंडानें लोकांना सांगावयास गेला नाहीं, तर त्याच्या वतीनें दुसरा कोणी दुसरें वाक्य सांगून मोकळा होतो. मौन म्हणजे तटस्थपणा नव्हे. तें आपली जागा अनधिकाऱ्याला देणें आहे. किल्लारीच्या परिसरांत १९९२ सालीं धक्के बसले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालें, हें ज्यांना आठवतें त्या महाराष्ट्रीयांना हें अधिक फोडून सांगावयास नको.

“शास्त्र सोपें करूं गेलें कीं तें खोटें होतें,” असें आमचे एक सहकारी नेहमीं म्हणतात. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. उंदरांवर झालेल्या प्रयोगाला कर्करोगावरचें औषध म्हणून मिरविणारी बातमी आपण वरचेवर वाचतों, आणि कधीं कधीं ती अतिशयोक्ति बातमीदाराची नसून खुद्द संशोधकाचीच असते. परंतु गाळणें निराळें आणि बिघडविणें निराळें. आगगाडीच्या नकाशावर प्रत्येक ओढा नि प्रत्येक वळण दाखविलेलें नसतें, म्हणून तो नकाशा खोटा ठरत नाहीं. मात्र मनमाडाच्या आधीं भुसावळ दाखविलें तर मुंबईहून निघालेला प्रवासी फसेल. काय गाळलें हें सांगणाराला स्वतःला ठाऊक पाहिजे, आणि जें ठेविलें त्याचा क्रम व परिमाण खरें पाहिजे. त्यासाठीं विषयाची जाण इतकी पक्की लागते कीं, आमचा अनुभव असा आहे, सोपें सांगूं लागलें म्हणजेच संशोधकाला आपली स्वतःची जाण कोठें कच्ची आहे तें कळतें. इंग्रजी परिभाषेच्या आड पुष्कळ अर्धवट समज सुखानें नांदत असतात. तेंच वाक्य मराठींत, क्रियापदासकट, बोलावयाचें म्हटलें कीं ते उघडे पडतात.

मराठींत शास्त्र सांगण्याची परंपरा कांहीं नवी नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० सालीं ‘दिग्दर्शन’ मासिक काढिलें, १८६७ सालीं ‘विविधज्ञानविस्तार’ निघाला, १९२८ सालीं पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ सुरू झालें, आणि १९६६ सालीं मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. याच परिषदेच्या कथास्पर्धेला १९७४ सालीं नारायण विनायक जगताप या नांवानें ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिलें पारितोषिक मिळालें. मागाहून कळलें कीं लेखक डॉ. जयंत नारळीकर आहेत. स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें उलटी करून त्यांनीं हें नांव घेतलें होतें. केंब्रिजमध्यें हॉयलबरोबर विश्वरचनेवर काम केलेला माणूस आपल्या कीर्तीचा आधार न घेतां मराठी वाचकापुढें परीक्षेला बसला, यांतील नम्रता तरुणांनीं पहावी. सही मागणाऱ्या मुलांना ते म्हणत, एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखालीं सही येईल. २०२५ सालीं ते वारले. महाराष्ट्रांत किती घरीं तीं कार्डें अजून जपून ठेविलेलीं असतील! सहीपेक्षां उत्तर मोठें, आणि उत्तरापेक्षां प्रश्न मोठा, हें त्या पोस्टकार्डानें मुलांना न बोलतां शिकविलें.

आतां ही विद्या शिकवावी कशी? ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठानें २००८ सालीं एक गमतीची स्पर्धा काढली. तेव्हां तिकडे अवर्षण होतें. पाणी वाचावें म्हणून लोक तीन मिनिटांचें घटिकायंत्र लावून आंघोळ उरकीत. त्यावरून तेथील एका प्राध्यापकांस सुचलें कीं, प्रबंधही तीन मिनिटांत कां सांगूं नये? एक चित्र, तीन मिनिटें, दुसरें कांहीं नाहीं. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवावयाचा तर नऊ तास लागतील, असा त्यांचा हिशेब आहे. ही स्पर्धा पुढें अनेक देशांत पसरली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें २०१८ सालीं ‘अवसर’ ही योजना काढून पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांकडून सामान्य वाचकांसाठीं आपल्या संशोधनावरचे लेख मागविले व त्यांस पारितोषिकें ठेविलीं. हे उपक्रम चांगले आहेत. तथापि स्पर्धेला जाणारे मुळांतच बोलके असतात. मुक्यांना बोलतें करावयाचें तर तें घरींच केलें पाहिजे.

आमच्या विभागांत गेलीं कांहीं वर्षें एक साधी पद्धत आहे. प्रत्येक सत्रांत एकदां संशोधक विद्यार्थ्यानें प्रयोगशाळेंतील शिपाई, ग्रंथालयांतील कारकून, हिशेबनीस आणि उपाहारगृहाचे मालक यांच्यापुढें दहा मिनिटें बोलावयाचें. फळा आणि खडू एवढेंच साहित्य. बोलून झाल्यावर त्यानें विचारावयाचें, “मी काय सांगितलें, तें तुम्ही मला सांगा.” परत आलेलें उत्तर ऐकणें हाच त्या दहा मिनिटांतील खरा धडा. आमचे एक शिपाई चौतीस वर्षें प्रयोगशाळा झाडीत, उपकरणें पुसीत आले आहेत. ते एका विद्यार्थ्याला म्हणाले, “साहेब, तुम्ही काय केलं तें कळलं, कशासाठीं केलं तें नाहीं सांगितलंत.” विद्यापीठाच्या दोन परीक्षकांच्या अहवालांत याहून नेमकें वाक्य आम्हीं वाचिलेलें नाहीं.

वाचकांकडेही या कामांतील कांहीं वाटा आहे. न समजलेल्या गोष्टीला मान डोलावणें ही आपल्याकडे सभ्यता मानली जाते. ती सोडावी. विद्वान आपल्याच करांतून वेतन घेत असतो. ‘हें काय, कशाच्या किती पट, आणि मी आतां काय करावें?’ असें त्यास विचारणें हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे. ज्या समाजांत असे प्रश्न विचारले जातात तेथेंच उत्तर देणारे तयार होतात.

आमची विद्यापीठांना एकच सूचना आहे. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या वेळीं विषयतज्ज्ञांचे प्रश्न संपल्यावर शेवटचा प्रश्न त्या विषयांतला नसलेल्या एखाद्या शहाण्या माणसास विचारूं द्यावा. मग ती शाळेंतील शिक्षिका असो, शेतकरी असो, कीं हापशीवरची म्हातारी असो. त्या प्रश्नाला गुण किती ठेवावेत, हें विद्वानांनीं खुशाल वाद घालून ठरवावें; प्रश्न तेवढा ठेवावा.